क्रेट इंजिन घ्यावं की आपलंच बांधावं? (१९७२ शेव्हरोले सी-१०, ३५० स्मॉल ब्लॉक)

नोवीकर

नमस्कार मंडळी. मिशिगनमधल्या नोवीला राहतो. माझ्याकडे १९७२ ची शेव्हरोले सी-१० पिकअप आहे. ३५० क्यूबिक इंचांचा स्मॉल ब्लॉक, म्हणजे शेव्हरोलेचं लहान बांध्याचं व्ही-८ इंजिन, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, टर्बो ३५० नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. बॉडी धडधाकट आहे, चासीला गंज नाही, पण इंजिन दमलंय. सकाळी चालू केलं की निळा धूर निघतो आणि गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशरचा काटा तळाला जातो. कॉम्प्रेशन तपासलं तर दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बरेच खाली निघाले. त्यांच्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तेव्हा आकडा वर चढला. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहेत, रिंगा संपल्यात. इंजिन उतरवायचं एवढं नक्की झालंय.

पुढे दोन रस्ते दिसतात. पहिला म्हणजे क्रेट इंजिन, कारखान्यात पूर्ण जुळवून पेटीतून येणारं नवं इंजिन: शेव्हरोले परफॉर्मन्सचं झेडझेड६. तेही ३५० चंच, ॲल्युमिनियम हेड, ४०५ हॉर्सपॉवर, २४ महिने किंवा ५०,००० मैलांची वॉरंटी. पेटी ट्रकमधून उतरवायची आणि बसवायची. दुसरा म्हणजे माझ्याच ब्लॉकचे सिलिंडर मोठे कोरून (बोअर करून) आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, वाढवून त्याचा ३८३ क्यूबिक इंचांचा स्ट्रोकर बांधायचा.

गाडी रोजच्या वापराची नाही. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार, ऑगस्टमधली वुडवर्ड ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची मिरवणूक, अधूनमधून मागे ट्रेलर. ड्रॅग स्ट्रिपवर न्यायची नाही. मिशिगनमध्ये धुराची चाचणी नाही, दरवर्षीची तपासणीही नाही, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही. गॅरेज घराला लागून आहे आणि इंजिन उचलायचा हॉइस्ट मित्राकडून मिळतो.

मन दुसऱ्या रस्त्याकडे ओढ घेतंय. ब्लॉकच्या पुढच्या पॅडवरचा शिक्का ‘व्ही’ने सुरू होतो, म्हणजे हे इंजिन फ्लिंटच्या कारखान्यातलं, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचं. जिथे ते जुळलं तिथल्याच आसपास ते पुन्हा जुळावं असं मला मनापासून वाटतं. पण नुसत्या वाटण्याने बेअरिंगचा क्लिअरन्स बरोबर येत नाही. ज्यांनी यातलं काही स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अक्रनवासी

नोवीकर, झेडझेड६ घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही पैसे लोखंडाचे देत नाही. क्रँक, पिस्टन, हेड वेगवेगळं विकत घेतलंत तरी खर्च त्याच्या आसपास जातो. तुम्ही पैसे देता ते जबाबदारीचे. सगळी मापं दुसऱ्याने घेतलीत, आणि काही बिघडलं तर उत्तर त्याने द्यायचं.

मात्र कॅटलॉगातली किंमत पाहून हिशोब मांडू नका. तुमच्या १९७२ च्या गाडीत हे इंजिन घालताना जे अडतं ते सांगतो. १९८६ मध्ये स्मॉल ब्लॉकच्या क्रँकचा मागचा ऑइल सील बदलला. दोन तुकड्यांचा होता तो एका तुकड्याचा झाला. त्याबरोबर क्रँकच्या मागच्या फ्लँजवरची बोल्टांची जागाही बदलली, आणि समतोलासाठी लागणारं वजन फ्लेक्सप्लेटवर, म्हणजे क्रँकला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या चकतीवर, गेलं. म्हणजे तुमची जुनी फ्लेक्सप्लेट या इंजिनाला बसणार नाही. एका तुकड्याच्या सीलची, वजन असलेलीच लागेल. समतोलाचं वजन नसलेली बसवलीत तर इंजिन पहिल्या मिनिटापासून थरथरेल, आणि तुम्ही कार्ब्युरेटर जुळवत बसाल.

दुसरं, ऑइलची डिपस्टिक. १९८० च्या आधीच्या ब्लॉकला ती ड्रायव्हरच्या बाजूला, नंतरच्यांना उलट बाजूला. तुमचे हेडर (एक्झॉस्टचे) पाइप तिथे आडवे येतात का ते आधी बघा. तिसरं, नव्या काही ब्लॉकांवर यांत्रिक इंधन पंपाची जागाच कापलेली नसते. तसं असेल तर इलेक्ट्रिक पंप, त्याचा रिले आणि वायरिंग आलं. चौथं, बेस इंजिन घेताय की टर्न-की ते नीट वाचा. टर्न-कीमध्ये कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, वॉटर पंप, पुढच्या पुल्या आणि बेल्ट येतात. बेसमध्ये यातलं बरंचसं तुम्हालाच आणावं लागतं.

आणि ४०५ हॉर्सपॉवर पुढे जाणार कुठून? त्या जुन्या टर्बो ३५० मधूनच ना. आतल्या क्लच प्लेट्सचं वय काय आहे ते तपासा. रेडिएटरचंही तेच. इंजिन नवं आणि बाकी सगळं पन्नास वर्षांचं अशा गाडीत पहिल्या उन्हाळ्यात काहीतरी तुटतंच.

हे सगळं धरूनसुद्धा मी क्रेटच म्हणेन, कारण ऑगस्टची तारीख कोणासाठी थांबत नाही. माझ्या भागात चांगल्या मशीन शॉपकडे ब्लॉक टाकला की तो परत कधी मिळेल हे शॉपवालासुद्धा सांगत नाही. जुने कसलेले कारागीर निवृत्त होतायत आणि जे राहिलेत त्यांच्या दारात रांग आहे.

बोअरगेज

नमस्कार. मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात बोरिंग-होनिंगचं काम करतो. आमच्याकडं अमेरिकन व्ही-८ येत नाहीत. ट्रॅक्टर येतात, डिझेल इंजिनं येतात, जुन्या जीपा येतात. पण लोखंड तेच आणि मापाचं शास्त्र पण तेच, म्हणून लिहितो.

लोक म्हणतात इंजिन बांधायला हात लागतो. हात लागतोच, पण हातापेक्षा माप जास्त लागतं. नट-बोल्ट आवळणं हे काम कोणीही नीट वाचून करू शकतो. तुमच्या ३५० चे मेन कॅपचे (क्रँक धरून ठेवणाऱ्या टोप्यांचे) बोल्ट ७० पौंड-फूट, कनेक्टिंग रॉडचे ४५, हेडचे ६५, हे आकडे पुस्तकात असतात. पुस्तकात जे नसतं ते असं, की तुमच्याच ब्लॉकचं, तुमच्याच क्रँकचं माप आज किती आहे. ते घ्यायला तीन वस्तू स्वतःच्या पाहिजेत: चांगला मायक्रोमीटर, डायल बोअर गेज आणि धीर.

बेअरिंगचा अंदाज असा करतात. जर्नलच्या, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, दर इंच व्यासामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, इतकी फट. तुमच्या इंजिनाचा मेन जर्नल २.४५ इंच, म्हणजे फट अडीच थाऊच्या जवळ. रॉडचा जर्नल २.१ इंच, म्हणजे दोनपेक्षा थोडी जास्त. पिस्टनच्या वरच्या रिंगेला रस्त्यावरच्या गाडीसाठी बोअरच्या दर इंचामागे चार थाऊ. ३० थाऊ ओव्हरसाइझ केल्यावर तुमचा बोअर होणार ४.०३० इंच, म्हणजे गॅप साधारण १६ थाऊ. रिंगवाला स्वतःचा आकडा देत असेल तर तोच धरा. रिंगा पॅकेटातून काढून तशाच चढवू नका. एकेक रिंग तिच्या तिच्या सिलिंडरमध्ये घाला, पिस्टन उलटा घालून ती सपाट करा, फीलर गेजनं गॅप बघा, कमी असेल तर घासा. मग त्या रिंगेवर सिलिंडरचा नंबर टाका.

आता तुमच्या गावाची गोष्ट. जानेवारीत तुमचं गॅरेज गोठलेलं असणार. क्रँक तिथं पडून थंड झालाय आणि मायक्रोमीटर तुम्ही घरातून गरम खिशातून आणलाय, असं करून माप घेतलं तर ते खोटं येणार. २.४५ इंचाच्या पोलादाला २० अंश सेल्सिअसचा फरक पडला की माप अर्ध्या थाऊपेक्षा जास्त हलतं. अडीच थाऊच्या फटीत अर्धा थाऊ म्हणजे पाचवा हिस्सा. क्रँक, ब्लॉक, बेअरिंग, मायक्रोमीटर सगळं एका खोलीत रात्रभर ठेवा, खोली २० अंशाच्या आसपास ठेवा, मग मापा. मायक्रोमीटर हातात धरून बसू नका, हाताच्या उबेनं पण तो फिरतो. आमच्याकडं एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली हाच त्रास उलटा होतो, म्हणून बारीक मापं आम्ही सकाळी लवकर घेतो.

प्लास्टिगेजवर, म्हणजे बेअरिंगमध्ये दाबून फट मोजायच्या प्लास्टिकच्या धाग्यावर, सगळा भार टाकू नका. तो फट चुकली नाही ना हे बघायला चांगला, पण जर्नल गोल आहे का, निमुळता झालाय का, हे तो सांगत नाही. मायक्रोमीटर सांगतो.

तुम्ही अजून ब्लॉकबद्दल काहीच लिहिलेलं नाही. कास्टिंग नंबर कुठला? आधी बोअर झालाय का? ते कळल्याशिवाय ३८३ की ३५० हे ठरवायचं कसं?

नोवीकर

बोअरगेज, फार मोलाचं लिहिलंत. कास्टिंग नंबर मागे, बेलहाउसिंगच्या फ्लँजजवळ ड्रायव्हरच्या बाजूला आहे. कापडाने पुसून वाचला: ३९७००१०. आधी बोअर झालाय का ते पिस्टन बघितल्यावर कळेल. दोन बोल्टांच्या मेन कॅप आहेत की चार, तेही ऑइल पॅन काढल्यावरच.

बोअरगेज

बरं. पॅन काढला की लगेच सांगा. दोन बोल्टांचं निघालं तरी नाराज होऊ नका, तुमच्या वापराला ते पुरतं.

टेस्टसेल

मी डेट्रॉइटच्या उपनगरात इंजिनांच्या चाचणी कक्षात काम करते, त्यामुळे हॉर्सपॉवरच्या आकड्याबद्दल थोडं बोलते. नोवीकर, तुमच्या डोक्यात ‘जुनं इंजिन विरुद्ध ४०५’ अशी तुलना असेल तर ती जपून करा.

१९७१ पर्यंत अमेरिकेत जाहिरातीत ग्रॉस हॉर्सपॉवर छापत. एअर फिल्टर नाही, पूर्ण एक्झॉस्ट नाही, इंजिनावर बाकी कसला बोजा नाही, अशा अवस्थेतला आकडा. १९७२ पासून नेट आकडा आला, म्हणजे गाडीत जसं इंजिन बसतं तसं मोजलेलं. कॉर्व्हेटचं एलटी-१ इंजिन बघा: १९७१ मध्ये ३३०, १९७२ मध्ये २५५. इंजिन जवळपास तेच, बदलली ती मोजण्याची रीत. तुमची गाडी नेमकी त्याच वर्षाची. क्रेट इंजिनाचा आकडाही बहुतेक वेळा डायनोवरच्या (ताकद मोजायच्या यंत्रावरच्या) मोकळ्या हेडर पाइपांसह येतो. तुमच्या पिकअपखालच्या सायलेन्सरसकट तो तेवढा राहत नाही. ३८३ बांधणारे शॉप जे आकडे सांगतात त्यांनाही हाच नियम लावा.

ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला टॉर्क लागतो, आणि तोही खालच्या आरपीएमला. ३८३ ची खरी गंमत तिथे आहे. ३५० चा स्ट्रोक ३.४८ इंच आणि ३८३ चा ३.७५. तो मूळचा ४०० क्यूबिक इंचवाल्या स्मॉल ब्लॉकचा स्ट्रोक. त्या ४०० चा मेन जर्नल २.६५ इंचांचा, तुमच्या ब्लॉकचा २.४५ चा. म्हणून पूर्वी लोक ४०० चा क्रँक घासून २.४५ वर आणत आणि ३५० मध्ये घालत. आता त्याच मापाचे तयार क्रँक मिळतात. बोअर ४.०३० आणि स्ट्रोक ३.७५ धरून आठ सिलिंडरांचा गुणाकार करा, ३८२.७ येतो. फक्त २,००० ते ३,५०० आरपीएमच्या पट्ट्यात गाडी किती बदलते ते चालवल्याशिवाय कळत नाही.

पण कॉम्प्रेशन रेशोचं गणित कागदावर केल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका. ३८३ च्या एका सिलिंडरचा आवाका सुमारे ७८४ सीसी. पिस्टन सपाट, त्यातल्या व्हॉल्व्हच्या खाचा ५ सीसी, पिस्टन डेकच्या, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या, २५ थाऊ खाली, हेड गॅस्केट दाबल्यावर ३९ थाऊ जाड असं धरू. आता हेडचा चेंबर ७६ सीसीचा असेल तर रेशो ९.३ च्या आसपास येतो. तोच चेंबर ६४ सीसीचा घेतला तर १०.५. बाकी काहीही न बदलता. आणि शॉपवाल्याने ‘डेक सरळ करून देतो’ म्हणत ते २५ थाऊ घासून टाकले तर ६४ सीसीच्या हेडबरोबर ११ च्या पुढे जाल. लोखंडी हेड, ट्रेलर, उन्हाळा आणि पंपावरचं साधं पेट्रोल, यात इंजिन नॉक करायला लागेल, म्हणजे इंधन अवेळी पेटून आत ठोके बसतील.

क्रेट इंजिनात हे सगळं कोणीतरी आधीच जुळवलेलं असतं. झेडझेड६ घेताना तुम्ही खरं तर या जुळवणीचेच पैसे देता. बांधायचंच असेल तर हे जुळवणं तुमचं काम आहे, शॉपचं नाही.

मोठा_ब्लॉक

मोठी ताकद हवी असेल तर हा वाद उरतच नाही. २०१७ मध्ये क्रायस्लर गटाच्या मोपार या पार्ट विभागाने हेलक्रेट आणलं: ६.२ लिटर, सुपरचार्जर, ७०७ हॉर्सपॉवर, किंमत १९,५३० डॉलर. वायरिंग आणि कंट्रोलरचं किट वेगळं. पुढच्या वर्षी १,००० हॉर्सपॉवरचं हेलिफंट दाखवलं. शेव्हरोलेचं झेडझेड६३२ तर टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, ६३२ क्यूबिक इंच आणि १,००४ हॉर्सपॉवर, तेही पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर. इतकी ताकद, वॉरंटीसह, घरच्या गॅरेजमध्ये या किमतीत कोणी बांधून दाखवावी. पण नोवीकरांना ४०० च्या आसपास थांबायचंय, आणि तिथे दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत.

चिखलट्रॅक

मी इंडियानात राहतो. मातीच्या ओव्हल ट्रॅकवरच्या शर्यतींना नियमाने जातो आणि एका टीमला मदत करतो. तिथे क्रेट इंजिनाने शर्यत वाचवली असं मी ठामपणे सांगतो. शेव्हरोलेची ६०२ आणि ६०४ ही दोन क्रेट इंजिनं तिथे चालतात. पहिलं ३५० हॉर्सपॉवर, दुसरं ४००. दोन्ही विशेष बोल्टांनी सीलबंद येतात. सील तुटलेलं दिसलं की गाडी बाद. दुरुस्ती मान्यता असलेल्याच शॉपमध्ये. यामुळे ज्याचा खिसा मोठा तोच जिंकणार हे बऱ्याच अंशी थांबलं आणि सगळं लक्ष सस्पेन्शन, टायर आणि चालवणाऱ्याकडे गेलं. स्वतःचं इंजिन बांधणाऱ्या जुन्या लोकांना ते आवडलं नाही, हेही खरं. त्यांचं कसबच नियमाबाहेर गेलं. मला त्यांचं दुःख कळतं, पण मैदानात वीस गाड्या उभ्या राहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सनीव्हेलकर

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी: १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना इथे स्मॉग चाचणी नाही, त्यानंतरच्यांना आहे. गाडी १९७६ किंवा नंतरची असेल तर वाटेल ते इंजिन घालता येत नाही. शेव्हरोलेची ई-रॉड नावाची पॅकेजेस त्यासाठीच आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, कंट्रोलर, सगळं एका मंजुरीखाली येतं. स्वतः बांधलेल्या इंजिनाला तशी मंजुरी मिळवणं एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. इथे क्रेट हाच व्यवहारी मार्ग.

नोवीकर, शेव्हरोलेच्या नंतरच्या पिढीच्या एलएस३ क्रेट इंजिनाचा विचार केलात का? ६.२ लिटर, ४३० हॉर्सपॉवर, कॉम्प्युटरवर चालणारं इंधन, सकाळी एका चावीत सुरू.

नोवीकर

केला होता. पण एलएससाठी इंजिन माउंट वेगळे, ऑइल पॅन वेगळा, ५८ पीएसआयचा इंधन पंप आणि टाकीपासून नवी लाइन, कंट्रोलर, हार्नेस. ती पिकअप मग दुसरीच गाडी होते. मला १९७२ च्या गाडीत स्मॉल ब्लॉकच हवा आहे.

पिंपरीचा_फिटर

भारतात हा प्रश्न कोणी विचारत असेल तर आधी आरसी हातात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच जातीचं इंजिन बदललं तरी आरटीओची मंजुरी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. कुर्ल्याहून इंजिन आणून परस्पर बसवलंत तर अपघातानंतर विमा कंपनी काय विचारेल, याचा विचार आजच करा.

म्हणून आमच्याकडे ‘बांधणं’ म्हणजे बहुतेक वेळा तेच इंजिन, तोच नंबर, स्लीव्ह किंवा ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग. किंवा कंपनीचं हाफ इंजिन आणून त्यावर जुनं हेड. अमेरिकेतही शॉर्ट ब्लॉक म्हणून हेच मिळतं ना? नोवीकरांना तो तिसरा रस्ता कोणी सुचवला नाही.

अक्रनवासी

मिळतं, आणि चांगला मुद्दा आहे. मशीन शॉपने क्रँक, रॉड, पिस्टन बसवून, बॅलन्स करून दिलेला ब्लॉक घ्यायचा आणि हेड, कॅमशाफ्ट, टायमिंग, इनटेक आपण बसवायचं. सगळ्यात अवघड मापं शॉपच्या अंगावर जातात. पण तयार मिळणारा शॉर्ट ब्लॉक दुसऱ्याच ब्लॉकवर असतो. नोवीकरांचा फ्लिंटचा ब्लॉक हवा असेल तर शॉपला तोच द्यावा लागेल, आणि रांग आलीच.

टेस्टसेल

एक गोष्ट राहिली होती, कॅमशाफ्ट. नोवीकर, तुमच्या इंजिनात फ्लॅट टॅपेट आहेत, म्हणजे कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) घासत चालणारे; रोलर टॅपेटला तिथे चाक असतं. शेव्हरोलेने स्मॉल ब्लॉकमध्ये रोलर टॅपेट १९८७ मध्ये आणले, झेडझेड६ मध्ये तेच आहेत. फ्लॅट टॅपेटचा नवा कॅम घातलात तर पहिला अर्धा तास फार नाजूक असतो. इंजिन सुरू झालं की आयडलला ठेवायचं नाही, लगेच २,००० च्या वर न्यायचं आणि वीस-तीस मिनिटं आरपीएम वर-खाली करत तिथेच ठेवायचं, म्हणजे क्रँकवरून उडणारं ऑइल कॅमच्या लोबवर पडत राहतं. ऑइल जस्तवालं, ब्रेक-इनचंच हवं. आजच्या साध्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सांभाळण्यासाठी जस्त-फॉस्फरस कमी केलेलं असतं.

आणि त्याआधी, डिस्ट्रिब्यूटर बसवण्यापूर्वी, त्याच भोकातून प्रायमिंगचा रॉड घालून ड्रिलने ऑइल पंप फिरवा. शेजाऱ्याला क्रँक हळूहळू फिरवायला सांगा. ड्रिल एकदम जड लागतं तेव्हा प्रेशर आलेलं असतं. सोळाही रॉकरच्या टोकांवर ऑइल दिसेपर्यंत थांबू नका. क्रेट इंजिनालासुद्धा हे करायचंच. ते पेटीत किती महिने पडून होतं ते आपल्याला माहीत नसतं.

जुन्या ब्लॉकमध्ये बसणारे रोलर टॅपेट वेगळे मिळतात. महाग आहेत. मी तुमच्या जागी असते तर दुसरं काहीतरी कमी करून ते घेतले असते.

विक्सम_शेजारी

नोवीकर, तुमच्या शेजारच्याच विक्सममध्ये जीएमचं परफॉर्मन्स बिल्ड सेंटर होतं. २०१० पासून कॉर्व्हेट झेडआर१ किंवा झेड०६ घेणाऱ्याला ५,८०० डॉलर जादा भरून तिथल्या तंत्रज्ञाबरोबर स्वतःच्या गाडीचं इंजिन स्वतःच्या हाताने जुळवता यायचं. वॉरंटी कायम. स्मॉल ब्लॉकचं १० कोटीवं इंजिन, ६३८ हॉर्सपॉवरचं एलएस९, तेही २०११ मध्ये याच ठिकाणी जुळलं. पुढे ते काम केंटकीत बोलिंग ग्रीनला गेलं. लाख डॉलरच्या आसपासची गाडी घेणारी माणसंसुद्धा आपलं इंजिन आपण जुळवायला जादा पैसे मोजत होती. त्यामुळे तुम्हाला जे वाटतंय त्याला फक्त भावनेच्या खात्यात टाकू नका. मी तुमच्या बाजूने आहे.

बोअरगेज

३८३ बांधणार असाल तर अजून दोन गोष्टी, कारण त्या आधी सांगितल्या नाहीत तर नंतर ब्लॉक पुन्हा धुवावा लागतो. लांब स्ट्रोकमुळं रॉडचे बोल्ट खाली ब्लॉकच्या कडेला आणि वर कॅमशाफ्टच्या लोबला भिडायला बघतात. ब्लॉकमध्ये खाचा घासाव्या लागतात. क्रँक, एक रॉड, एक पिस्टन असं कोरडं जुळवून हातानं फिरवा, प्रत्येक सिलिंडरला बघा, निदान ५० थाऊ मोकळी जागा पाहिजे. हे सगळं शेवटच्या धुण्याच्या आधी. दुसरं, बॅलन्सिंग. क्रँक आतून बॅलन्स होणारा आहे की ४०० सारखा बाहेरून, ते घेतानाच विचारा. बाहेरून असेल तर पुढचा डॅम्पर आणि मागची फ्लेक्सप्लेट दोन्ही त्याच जोडीची लागतात.

होनिंग करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: टॉर्क प्लेट लावून करणार का? हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वेडावाकडा होतो. हेडच्या जागी जाड प्लेट आवळून होन केलं तर तो हेड बसल्यावर गोल राहतो. ‘त्याची काय गरज’ असं उत्तर आलं तर ब्लॉक परत गाडीत ठेवा.

नोवीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. हेड आणि पॅन दोन्ही काढले. मेन कॅप चार बोल्टांच्या निघाल्या. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइझचा शिक्का नाही आणि बोअर ४.००० च्या जवळपास आहे, म्हणजे ब्लॉक अजून एकदाही बोअर झालेला नाही. वरच्या टोकाला नखाला लागणारी कड आहे. क्रँकच्या दोन रॉड जर्नलवर ओरखडे आहेत, पण ३८३ केला तर तो क्रँक तसाही जाणार.

असं ठरवलंय. ब्लॉक मशीन शॉपला फक्त तपासायला देतो: हॉट टँकमध्ये धुणं, मॅग्नाफ्लक्सने तडे बघणं आणि सिलिंडरच्या भिंतींची सोनिक (ध्वनिलहरींनी मोजलेली) जाडी. टॉर्क प्लेटचा प्रश्न विचारला, त्यांनी भिंतीला टांगलेली स्मॉल ब्लॉकची प्लेट दाखवली. तडा निघाला किंवा भिंत पातळ निघाली तर वाद न घालता झेडझेड६, नवी फ्लेक्सप्लेट आणि गिअरबॉक्सची दुरुस्ती. ब्लॉक निरोगी निघाला तर ३८३, ७६ सीसीचे हेड, रोलर टॅपेट. क्रँक आणि बेअरिंगची मापं शॉपही घेईल आणि मीही घेईन, दोन्ही जुळली तरच पुढे. या वर्षीचं वुडवर्ड रस्त्याकडेला खुर्ची टाकून बघेन.

टेस्टसेल, तुमचं गणित माझ्या पार्टांच्या आकड्यांनी पुन्हा केलं. डेक घासायचं नाही असं शॉपला लिहून देतो.

टेस्टसेल

थोडं थांबा. सगळंच नाही म्हणू नका. पिस्टन डेकच्या फार खाली राहिला तर हेड आणि पिस्टनच्या सपाट भागातली फट मोठी होते आणि नॉक उलट लवकर सुरू होतो. ही फट गॅस्केट धरून ४० थाऊच्या आसपास चांगली. आत्ता तुमची ६४ होते. ७६ सीसीच्या हेडबरोबर डेक घासून शून्यावर आणलात तरी रेशो ९.८ च्या पुढे जात नाही. फक्त चारी कोपऱ्यांची डेकची उंची मोजून द्यायला सांगा, म्हणजे किती घासायचं ते कळेल.

बोअरगेज

बरोबर. आणि सोनिकचा कागद आला की इथं टाका. प्रत्येक सिलिंडरला वर, मधे, खाली अशी तीन मापं, आणि थ्रस्टच्या (पिस्टन जिकडं जोरानं रेटतो त्या) बाजूची जाडी वेगळी लिहून मागा. नुसतं ‘ब्लॉक चांगला आहे’ असं तोंडी सांगितलं तर ते घेऊ नका.